गुदद्वाराची पकड मोजताना

बाळंतपणाला दोन वर्षे होऊन गेली तरी घराबाहेर पडताना वाटेत शौचालय कोठे आहे हे आधी विचारून घेणारी स्त्री आणि रोज अर्धा तास कुंथूनही पोट साफ होत नाही म्हणून एकामागून एक चूर्णे बदलणारा गृहस्थ, यांच्या तक्रारी परस्परांच्या अगदी उलट आहेत. तरीही दोघांच्या त्रासाचे मूळ कित्येकदा एकाच ठिकाणी, गुदद्वाराभोवतीच्या स्नायूंच्या कड्यांमध्ये असते. या कड्यांचे काम नेमके मोजता येते, पण संकोचापोटी लोक डॉक्टरांपुढेही हा विषय काढत नाहीत आणि साधी तपासणी वर्षानुवर्षे राहून जाते, याचे फार वाईट वाटते.

कडी दोन आहेत. आतले कडे आपल्या इच्छेवर चालत नाही. झोपेतही ते आवळलेले असते आणि गुदद्वारातील विश्रांतीच्या वेळचा बहुतांश दाब त्याचाच असतो. बाहेरचे कडे आपल्या ताब्यात असते. ऐन गर्दीत कळ आली की आपण आवळून धरतो ते हेच.

तपासणीची सुरुवात डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटानेच होते, आणि अनुभवी बोटाला बरेच काही कळते. दाबाचे आकडे मात्र मॅनोमेट्रीतून मिळतात. रुग्णाला डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजवतात आणि दाब ओळखणारे संवेदक असलेली, टोकाला छोटा फुगा बसवलेली बारीक, लवचीक नळी वंगण लावून आत सरकवतात. भूल देत नाहीत, कारण सांगितल्याबरहुकूम आवळणे आणि जोर लावणे हे रुग्णालाच करायचे असते. स्नायू स्थिरावण्यासाठी तीनेक मिनिटे थांबून मग विश्रांतीचा दाब नोंदवतात. त्यानंतर पाच सेकंद आवळा, तीस सेकंद आवळून ठेवा, खोका, शौचाला बसल्यासारखा जोर लावा, अशा सूचना क्रमाने येतात. पडद्यावर जास्त दाब लाल आणि कमी दाब निळा दिसतो. रुग्ण खोकला की लाल पट्टा क्षणभर आपोआप गडद होतो, कारण पोटातला दाब वाढताच बाहेरचे कडे न सांगता आवळते.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो यानंतरचा भाग. मलाशयातला फुगा हवेने थोडा फुगवला की आतले कडे स्वतःहून सैल पडते. इंग्लंडमधील विल्यम गॉवर्स यांनी 1877 साली या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले होते. तिच्यामुळे आत आलेला पदार्थ खालच्या संवेदनशील त्वचेपर्यंत पोचतो आणि तो वायू आहे की मल, हे आपल्याला ओळखता येते. हर्शस्प्रुंग आजार असलेल्या बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, त्यामुळे त्यांच्यात ही क्रिया दिसत नाही. जन्मानंतर दोन दिवसांतही बाळाला शी झाली नाही तर म्हणूनच या आजाराची शंका घेतात. पक्के निदान मात्र मलाशयाचा लहानसा तुकडा तपासून होते.

कुंथणाऱ्या गृहस्थाच्या बाबतीत कधी असे आढळते की जोर लावताना कडे सैल पडण्याऐवजी उलट आवळते. पण कुशीवर निजून, अनोळखी खोलीत, निरोगी माणसाचेही असे होऊ शकते. केवळ त्या आलेखावर निदान करणे मला योग्य वाटत नाही. त्यासाठी फुगा बाहेर टाकण्याची चाचणी जोडीला लागते. सुमारे 50 मिलिलिटर पाणी भरलेला फुगा कमोडवर बसून, एकांतात, साधारण मिनिटाभरात बाहेर टाकता येतो का, एवढेच तीत पाहतात. दोन्ही चाचण्यांत दोष दिसला तर बायोफीडबॅकचा चांगला उपयोग होतो: पडदा रुग्णाकडे वळवतात आणि जोर लावताना कडे कसे सैल सोडायचे, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून शिकतो.

कडे तुटले आहे का, हे दाबावरून कळत नाही. त्यासाठी गुदद्वारातून केलेली सोनोग्राफी लागते. तीत आतले कडे काळसर आणि बाहेरचे उजळ दिसते, आणि फाटलेल्या जागी वर्तुळ खंडित होते. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात पहिलटकरणींपैकी सुमारे 35 टक्के स्त्रियांमध्ये योनीमार्गे प्रसूतीनंतर असा दोष आढळला, आणि त्यांतल्या बहुतेकींची इजा प्रसूतीच्या वेळी कोणाच्या लक्षातही आली नव्हती. मागच्या खेपेला या स्नायूपर्यंत फाटून टाके पडले असतील, तर पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, कारण पुन्हा योनीमार्गे प्रसूती करायची की सिझेरियन, हे ठरवताना दाबाचे आकडे आणि सोनोग्राफीतले ते वर्तुळ दोन्ही विचारात घेतले जातात.