इंजेक्शननंतर परत सीटी कशाला?

पॅरालिसिसच्या झटक्यात पहिला सीटी का काढतात, हे सोलापुरात आता बऱ्याच नातेवाइकांना ठाऊक असतं: मेंदूत रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय, हे बघायला. रक्तस्राव नसेल आणि पेशंट अक्कलकोटहून, पंढरपूरहून वेळेत पोचला, तर झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. कुरकुर सुरू होते ती दुसऱ्या दिवशी, 'परत सीटी' ऐकल्यावर. 'कालच तर काढला ना?'

कालचा वेगळ्या प्रश्नासाठी होता. रक्त न मिळालेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या होतात. प्रवाह परत सुरू झाला की तिथून रक्त झिरपू शकतं आणि औषधामुळे ते लवकर गोठतही नाही. अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं ते औषध, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम देतात; म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५४. त्यातला दहावा भाग एकदम शिरेत, उरलेलं तासाभरात. नंतरचे २४ तास बीपी १८०/१०५ च्या खाली ठेवायचं आणि अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. २४ तासांच्या सीटीत रक्त दिसलं नाही, की मगच अ‍ॅस्पिरिन सुरू होते. म्हणून हा सीटी टाळण्यात बचत नाही.

मात्र डोकं जोरात दुखायला लागलं, उलटी झाली, बीपी एकदम चढलं किंवा ताकद आणखी कमी झाली, तर २४ तासांची वाट बघायची नसते. औषध चालू असेल तर ते थांबवून लगेच सीटी. दिसलेलं रक्तही सारखं नसतं. इजा झालेल्या भागात विखुरलेले बारीक ठिपके बऱ्याचदा काही त्रास देत नाहीत. त्या भागाच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा व्यापून शेजारच्या मेंदूवर दाब देणारा गोळा मात्र जिवावर बेततो.

मांडीतून नळी घालून गुठळी काढली असेल, तर आणखी एक घोळ होतो. रक्तवाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय खराब झालेल्या भागात मुरतो आणि सीटीवर रक्तासारखाच पांढरा दिसतो. दोन वेगवेगळ्या ताकदीच्या एक्स-रेंनी काढलेला ड्युअल एनर्जी सीटी दोन्ही वेगळे दाखवतो. ती सोय नसेल तर २४ ते ४८ तासांनी परत बघतात: डाय बहुतेक निघून गेलेला असतो, रक्त तिथंच असतं.

मोठ्या झटक्यात सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असते. काल बोलणारा पेशंट आज पेंगतोय, हे 'थकलाय' म्हणून सोडू नका, नर्सला सांगा. उलट दोन-तीन आठवड्यांनी काढलेल्या सीटीत खराब भाग काही काळ जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. तो बरा झालेला नसतो. सूज ओसरून सफाईच्या पेशी आत आल्याने तसा भास होतो.

मग फोटो चांगला, तरी हात का हलत नाही? हालचालीचे तंतू मेंदूच्या आत एका अरुंद पट्ट्यातून खाली येतात. तिथला सेंटिमीटरभराचा डागही अर्धं अंग लुळं करू शकतो आणि सीटीत तो सुटूही शकतो. एमआरआयच्या डिफ्युजन फोटोत (ताजी इजा ठळक दाखवणाऱ्या) तो बहुतेकदा सापडतो. रिकव्हरीचा अंदाज मात्र फोटोपेक्षा पलंगाजवळच जास्त येतो: पहिल्या दोन-तीन दिवसांत बोटं थोडी सरळ होतात का, खांदा उचलला जातो का. बोलणं तपासताना घरची भाषा वापरायला हवी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना मराठीत प्रश्न विचारून 'समजत नाही' असा शेरा मारणं हा आपल्याकडचा खास धोका आहे.

गिळण्याची तपासणी होईपर्यंत चहाचा घोटसुद्धा नको. तो फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि पहिल्याच दिवशी पेशंटला सारखं उठवून चालवायची घाई नको. २०१५ साली आलेल्या 'अ‍ॅव्हर्ट' या मोठ्या अभ्यासात २४ तासांच्या आत जोरदार हालचाल सुरू केलेल्यांचे निकाल तीन महिन्यांनी उलट थोडे वाईट निघाले. थोडा वेळ बसवणं, कूस बदलणं, लुळ्या हाताखाली उशी देणं, सुरुवातीला एवढं पुरे. पुढचं फिजिओथेरपिस्ट ठरवतील.