द्वेषाचा पुरावा पहिल्या जबाबातच हरवतो

ऑगस्ट २०१६. अमेरिकेतल्या टल्सा शहरात लेबनीज वंशाच्या खालिद जबारा यांना शेजाऱ्याने त्यांच्याच दारात गोळ्या घातल्या. हा शेजारी त्या कुटुंबाला अरब म्हणून सतत शिव्या देत असे. आदल्याच वर्षी त्याने खालिद यांच्या आईला गाडीने उडवले होते. न्यायालयाने त्याला खुनाबरोबर द्वेषगुन्ह्यासाठीही, म्हणजे पीडिताच्या वंश-धर्मासारख्या ओळखीमुळे केलेल्या गुन्ह्यासाठीही, दोषी ठरवले. तरीही एफबीआयच्या त्या वर्षीच्या द्वेषगुन्ह्यांच्या आकडेवारीत हा खून नव्हता.

अशी गळती बहुतेकदा फॉर्मवरच सुरू होते. तिथल्या पोलिसी नोंदीत प्रत्येक गुन्ह्यापुढे पूर्वग्रहाचा एक रकाना असतो आणि ‘पूर्वग्रह नाही’ यासाठी ८८ हा आकडा आहे. घाईत ८८ भरला की विषय तिथेच मिटतो. म्हणून एफबीआयची पद्धत दोन टप्प्यांची आहे. घटनास्थळी गेलेल्या पोलिसाने फक्त संशय नोंदवायचा; निर्णय वेगळे प्रशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने घ्यायचा. तो खुणा तपासतो: हल्लेखोर नेमके काय बोलला, भिंतीवर काय लिहिले, त्या दिवशी सण होता का, जवळ प्रार्थनास्थळ आहे का, खिशात पैसे असूनही ते नेले नाहीत का, त्याच भागात आधी असे काही घडले होते का. यातली एकच खूण सहसा पुरत नाही. दोन-चार जुळल्या की चित्र उभे राहते.

सगळ्यात फसवे प्रकरण असते ते पूर्ववैमनस्य नसलेले. जॅक लेव्हिन आणि जॅक मॅकडेव्हिट या अमेरिकी अभ्यासकांनी बॉस्टन पोलिसांकडची १६९ प्रकरणे अभ्यासली. त्यातली सुमारे दोन तृतीयांश निव्वळ थरारासाठी केलेली होती. यात बहुधा तरुणांचे टोळके असते, ते दुसऱ्या वस्तीत जाते आणि पीडिताला ओळखतही नसते. जुने भांडण शोधणाऱ्या तपासाला इथे काहीच सापडत नाही आणि ‘पोरांचा दंगा’ म्हणून फाइल बंद होते. खरे तर अनोळखी माणूस केवळ त्याच्या ओळखीमुळे निवडला जाणे, हीच इथली मोठी खूण आहे.

किती प्रकरणे निसटतात? २०१९मध्ये एफबीआयकडे ७,३१४ घटना नोंदल्या गेल्या. घरोघरी विचारून केलेल्या अमेरिकी सरकारी पाहणीत मात्र २००५ ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी अडीच लाखांच्या आसपास प्रसंग निघाले. दोन्हींची मोजण्याची रीत वेगळी आहे, पण एवढी दरी तेवढ्याने भरत नाही.

आपल्याकडे हाच पेच अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात दिसतो. खैरलांजीत २००६मध्ये एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनासाठी शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. २०१०मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तो लागू केला नाही. तेव्हा कलम ३(२)(५) खाली गंभीर गुन्हा जातीच्या ‘कारणावरून’ घडल्याचे सिद्ध करावे लागे. गावात जमिनीचा, वाटेचा, साक्षीचा काही ना काही वाद असतोच. बचाव पक्ष तोच पुढे करतो. २०१६पासून लागू झालेल्या दुरुस्तीने शब्द बदलला: पीडिताची जात ‘माहीत असताना’ गुन्हा केला, एवढे पुरते. आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल तर ही माहिती त्याला होती असे न्यायालय धरून चालते. नव्हती हे त्याने दाखवायचे. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते, कारण गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते?

जातिवाचक शिवीगाळीचे कलम मात्र अजूनही शब्दांवर अडते. फिर्यादीत ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढेच लिहिले तर खटला पहिल्याच पायरीवर लंगडा होतो. नेमके शब्द अवतरणचिन्हांत हवेत. शिवी लोकांच्या नजरेसमोर दिली गेली हेही दिसले पाहिजे, म्हणून जागा आणि तिथे हजर असलेल्यांची नावे हवीत. भिंतीवरचा मजकूर पुसण्याआधी त्याचा फोटो आणि पंचनामा व्हायला हवा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे ना, तेही पाहावे. आणि जबाब वाचून दाखवला जातो तेव्हा ते शब्द जसेच्या तसे आलेत का, हे सही करण्याआधी तपासावे.