चुरा न सांडणारी भेग

हेलिकॉप्टर पडल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'विमान निदान तरंगत तरी येतं, हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं खाली.' हे चूक आहे. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पळालं की फिरतं ना? तसंच हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं की खालून वर घुसणारी हवा पाती फिरवत ठेवते. वैमानिकाने पात्यांचा कोन वेळेत कमी केला, तर त्याच फिरण्याच्या जोरावर सुखरूप उतरता येतं. अट एकच, पाती जागेवर हवीत.

२९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत ती जागेवर राहिली नाहीत. आपल्याकडे जुहूहून मुंबई हायच्या तेलक्षेत्रावर हेलिकॉप्टरं जातात, तसंच हे एक 'सुपर प्युमा' समुद्रातल्या गुलफाक्स-बी तेल-प्लॅटफॉर्मवरून बर्गन शहराकडे परतत होतं. तुरॉय बेटाजवळ, सुमारे २००० फुटांवर, पात्यांसकट अख्खा रोटर, म्हणजे वरचा फिरता भाग, निसटून वेगळा उडत गेला. ११ प्रवासी आणि २ वैमानिक, कुणीच वाचलं नाही. कॉकपिटमध्ये एकही इशारा आलेला नव्हता.

दोष निघाला गिअरबॉक्समध्ये. इंजिनाकडून येणारे मिनिटाला सुमारे २३ हजार फेरे तिथे उतरत उतरत रोटरपाशी २६५ वर येतात. शेवटच्या टप्प्यात मधल्या 'सूर्य' गिअरभोवती ८ 'ग्रह' गिअर फिरतात. गंमत अशी, की प्रत्येक ग्रहाची आतली बाजू हीच त्याच्या बेअरिंगची बाहेरची कडी असते. म्हणजे बाहेरून दात, आतून रोलर. रोलर दाबत पुढे सरकतो तेव्हा धातूवरचा कातर-ताण, म्हणजे थरावरून थर सरकवू पाहणारा ताण, सर्वाधिक असतो तो पृष्ठभागावर नव्हे, त्याच्या किंचित खाली. कार्बन मुरवून कडक केलेल्या त्या थराच्या पृष्ठभागावरल्या एका सूक्ष्म खड्ड्यापासून भेग सुरू झाली. तार वाकवून वाकवून तुटते तशी ती फेऱ्यागणिक वाढली.

एरवी बेअरिंग खराब होताना कपच्या उडतात, तेलात येतात आणि तिथल्या चुंबकाला चिकटतात. मग मेकॅनिक सावध होतो. इथे भेग वर न येता दातांच्या दिशेने आत शिरली. चुरा जवळजवळ सांडलाच नाही. गिअर फुटला, तुकडे दातांत अडकले, गिअरबॉक्सचं आवरण फाटलं आणि रोटर सुटला.

मृतांचा आकडा १३ म्हणून कुणी अपशकुन शोधू नये. १ एप्रिल २००९ला स्कॉटलंडजवळ याच कुळातलं हेलिकॉप्टर असाच रोटर सुटून पडलं, तेव्हा १६ जण गेले होते. तिथेही याच शेवटच्या टप्प्यातला ग्रह गिअरच फुटला होता.

या मॉडेलसाठी असे गिअर दोन कंपन्या बनवत. तुरॉयनंतर त्यांतला भेग पडलेला प्रकार बाद झाला; उरलेल्याचं आयुष्य कमी ठरवून तो जास्त वेळा तपासायचं ठरलं.