आकडे तेच, आवाज वेगळा: मॉडेलरच्या अपडेटनंतर प्रीसेटचं काय होतं

पावसाळ्यात मॉडेलरचं (ॲम्प, स्पीकर आणि इफेक्टची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्राचं) फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि ऑक्टोबरात सीझनच्या पहिल्याच लग्नात नेहमीचा लीड टोन बँडमध्ये बुडाला, अशी तक्रार गोव्यातले गिटारवादक करतात. प्रीसेट, म्हणजे त्या टोनसाठी साठवून ठेवलेली मांडणी, पुसला गेलेला नसतो. उघडून पाहिला तर गेन ६.२, बेस ४, मास्टर ५, सगळं जागच्या जागी.

मुळात प्रीसेटमध्ये आवाज नसतोच. त्यात एक यादी असते: कोणता ॲम्प, कोणता कॅब (स्पीकरचं कॅबिनेट), ॲम्प-इफेक्टचे ब्लॉक कोणत्या क्रमाने, कोणता नॉब कुठे. ट्यूब कधी क्लिप होते (आवाज फाटू लागतो), टोन स्टॅक (बेस-ट्रेबलच्या नॉबमागचं सर्किट) कसा वागतो, ही गणितं फर्मवेअरमध्ये असतात. 'मीठ दोन चमचे' असं लिहिलेली चिठ्ठी तीच राहिली आणि घरातला चमचा बदलला, तर आमटी वेगळी होणारच.

सगळ्यांत साधा बदल मर्यादेचा. नॉबची किंमत यंत्रात बऱ्याचदा ० ते १ अशा अपूर्णांकात ठेवतात. समजा, हाय-कट (ठरावीक मर्यादेवरचा तीक्ष्ण आवाज कापणारा फिल्टर) जुन्या आवृत्तीत २ ते १० किलोहर्ट्झ फिरत होता आणि प्रीसेटमध्ये ०.५ लिहिलेलं आहे. म्हणजे ६ किलोहर्ट्झ. नव्या आवृत्तीत मर्यादा २० पर्यंत वाढवली आणि जुन्या फायलींचं रूपांतर करायचं राहून गेलं, तर त्याच ०.५ चे ११ किलोहर्ट्झ होतात आणि टोन बोचू लागतो. दुसरा प्रकार नव्या नॉबचा. जुन्या प्रीसेटमध्ये त्याची नोंदच नसते, म्हणून यंत्र स्वतःची ठरलेली किंमत घालतं. ती जुन्या वागणुकीशी जुळणारी निवडली असेल तर फरक कळत नाही, नाहीतर कळतो.

तिसरा प्रकार म्हणजे ॲम्पचं मॉडेलच नव्याने लिहिणं. इथे कंपन्यांची धोरणं वेगळी आहेत. लाइन ६ ने आपल्या हेलिक्स मॉडेलरच्या ३.५० आवृत्तीत (२०२२) कॅबची नवी यंत्रणा आणली, पण जुने कॅब 'लेगसी' म्हणून ठेवले. जुने प्रीसेट त्यांनाच धरून राहिले. फ्रॅक्टल ऑडिओच्या ॲक्स-एफएक्स ३ मध्ये मात्र सुधारलेलं मॉडेल जुन्याच्या जागी बसतं, त्यामुळे सगळे प्रीसेट एका रात्रीत नवा ॲम्प वाजवू लागतात. आठवड्याला तीन कार्यक्रम करणाऱ्याला पहिली पद्धत सोयीची. मॉडेलची यादी लांबत जाते, एवढंच. दुसऱ्या पद्धतीत ॲम्प खरोखर सुधारतो, पण प्रत्येक प्रीसेट पुन्हा कानाखालून घालावा लागतो. केम्परच्या रिगमध्ये (त्यांच्याकडचा प्रीसेट) मोजलेल्या खऱ्या ॲम्पची माहितीच साठवलेली असते, तरी ती वाजवणारं गणित आणि इफेक्ट फर्मवेअरचेच.

हे सगळं खरं असलं, तरी ॲम्पच्या मॉडेलवर शंका घेण्याआधी ग्लोबल सेटिंग (सगळ्या प्रीसेटना एकत्र लागू होणारी) तपासा. अपडेटनंतर फॅक्टरी रीसेट केला की आउटपुटची पातळी, ग्लोबल ईक्यू, मिडी चॅनल, यूएसबीची जोडणी, एक्स्प्रेशन पेडलचं कॅलिब्रेशन मूळपदावर जातं. +४ डीबीयू आणि −१० डीबीव्ही या दोन लाइन पातळ्यांतला फरकच सुमारे ११.८ डेसिबल आहे. मिक्सरवाला गेन वाढवून तो भरून काढतो, सोबत खरखरही वाढते, आणि दोष जातो अपडेटला. काही यंत्रांच्या प्रीसेट बॅकअपमध्ये ग्लोबल सेटिंग येत नाहीत. म्हणून अपडेटआधी ग्लोबलच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा.

आयआर फायलींचा (कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा साठवणाऱ्या फायली) घोळ वेगळा. यंत्र आयआरला जागेच्या क्रमांकाने ओळखत असेल, तर रिस्टोर करताना क्रम हलला की १४ व्या जागेवर भलताच कॅबिनेट येतो. जागा रिकामी राहिली तर काही यंत्रांत कॅबशिवायचा कच्चा आवाज बाहेर पडतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं कापतो. ते कापणारं कुणी उरलं नाही, की डिस्टॉर्शन कर्कश होतं.

अपडेटसाठी सवड पावसाळ्यात मिळते, किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात. पण लाइट जाण्याचे दिवसही तेच. फ्लॅश मेमरी लिहिली जात असताना वीज गेली तर यंत्र सुरूच न होण्याची भीती असते. बऱ्याच मॉडेलरना ठरावीक फूटस्विच दाबून चालू केल्यावर रिकव्हरी मोड मिळतो. ती जोडी मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवा. यंत्र इन्व्हर्टरवर लावा आणि इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर ठेवा, साध्या मोडमध्ये तो वेळ घेऊन बदलतो. लॅपटॉपचं स्लीप बंद करा. हब नको, आणि फक्त चार्जिंगची केबल तर नकोच. खाऱ्या हवेने यूएसबीच्या सॉकेटवर हिरवट थर आला असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या.

आधी पूर्ण बॅकअप, दोन ठिकाणी. जुन्या फर्मवेअरची फाइल आणि तिच्याशी जुळणारं एडिटर सॉफ्टवेअरही (लॅपटॉपवरून प्रीसेट हाताळणारं) सोबत ठेवा, नंतर शोधत बसायची पाळी येते. मग एडिटर अपडेट करा आणि शेवटी फर्मवेअर. पहिल्यांदा सुरू होताना हेलिक्ससारखी यंत्रं सगळे प्रीसेट नव्या रूपात बांधून घेतात. पडदा काही मिनिटं अडकल्यासारखा दिसतो. तेव्हा बटण बंद करू नका.

जुन्या आवृत्तीवर परतायची वाट ठेवायची असेल तर जुन्या प्रीसेटवर लगेच सेव्ह दाबू नका, रिकाम्या जागी प्रत करून तीत बदल करा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रीसेट जुन्या फर्मवेअरमध्ये सहसा उघडत नाही. परतताना जुना बॅकअपच चालतो आणि मधल्या दिवसांतलं काम जातं.

आवाज खरंच बदलला का, हे कानापेक्षा रेकॉर्डिंग नेमकं सांगतं. अपडेटआधी अर्धा मिनिट कोरी गिटार (ॲम्प-इफेक्टशिवायचा थेट सिग्नल) यूएसबीवरून रेकॉर्ड करा, तीच प्रीसेटमधून परत फिरवा आणि निघालेला आवाज साठवा. अपडेटनंतर तीच कोरी फाइल पुन्हा फिरवा. दोन्ही ट्रॅक एका सॅम्पलपर्यंत जुळवून एकाची पोलॅरिटी उलटी करा आणि एकत्र वाजवा, म्हणजे दोघांतला सारखा भाग एकमेकांना कापतो. जवळजवळ शांतता मिळाली तर प्रीसेट तसाच आहे. कोरस, फेझर, मॉड्युलेशनवाला रिव्हर्ब आधी बंद ठेवा, ते प्रत्येक वेळी थोडे वेगळे वाजतात आणि कधीच पूर्ण कटत नाहीत. शांतता मिळाली नाही तर एक ट्रॅक थोडा वरखाली करून पाहा: एका ठरावीक पातळीवर सगळं कटलं, तर फरक नुसत्या मोठेपणाचा आहे. तेवढे डेसिबल प्रीसेटच्या शेवटच्या आउटपुट ब्लॉकमध्ये भरा. ॲम्पच्या गेनला हात लावू नका, त्याने डिस्टॉर्शनही बदलतं.