स्टेनलेसचा स्क्रू गंजतो कुठून?

वऱ्हाडात दोन समजुती पक्क्या आहेत. स्टेनलेस स्टील गंजत नाही, ही एक. खारं पाणी समुद्राचं, त्याची फिकीर कोकणवाल्यांनी करावी, ही दुसरी. परवा एकाच स्क्रूनं या दोन्ही मोडीत काढल्या.

भावकीतला एक पोरगा धरणावर मोटरबोट चालवतो. बोटीला बांधलेली दोरी धरून पाण्यावर उभ्यानं घसरत जाण्याच्या फळ्या, म्हणजे वॉटर-स्की, त्याच्या मालकानं कोकण किनाऱ्यावरून जुन्या विकत आणल्या. खेळ तसा शंभर वर्षांचा. १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा लाकडी फळ्यांना चामड्याचे पट्टे ठोकून बोटीमागे उभा राहिला. आता लाकडाच्या जागी फायबर आलं आणि पट्ट्यांच्या जागी रबरी बूट. हा बूट बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ प्लेटवर बसवलेला असतो. ती प्लेट स्टेनलेसच्या स्क्रूंनी फळीवर आवळतात, आणि स्क्रू ज्यात फिरतो त्या आटे पाडलेल्या धातूच्या बुशी फळीच्या पोटात पक्क्या बसवलेल्या असतात.

पोरानं बूट बदलायला घेतला तर स्क्रू हलेना. जोर लावला तेव्हा डोकं तुटून पेचकसाबरोबर वर आलं. ते माझ्यासमोर ठेवून म्हणतो, "काका, हे त इस्टीलचं हाये, मंग गंजलं कसं बाप्पा?"

मी भिंग काढलं. वरून डोकं चकचकीत, पेचकसाची खाचसुद्धा स्वच्छ. उलटं केलं तर डोक्याच्या खालच्या अंगाला, जिथं ते प्लेटवर टेकतं तिथं, तपकिरी-काळा डाग आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मान कुरतडल्यागत बारीक झालेली. प्लेटच्या भोकात पांढरी भुकटी, नखानं खरवडली तर सुटणारी. म्हणजे जिथं पाणी धो धो लागतं ती बाजू शाबूत, आणि जिथं पाण्याचा जेमतेम ओलावा शिरतो तीच खलास.

याचं कारण शाळेत शिकलेल्या एका वाक्याच्या अगदी उलट आहे. गंजायला ऑक्सिजन लागतो, असं आपण पाठ केलेलं असतं. ते खोटं नाही. पण धातू झिजतो तो ऑक्सिजन जिथं पोचतो तिथं नव्हे, जिथं पोचत नाही तिथं.

हे केंब्रिजच्या युलिक एव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबावर दाखवून दिलं. माझ्या मते गंजाच्या शास्त्रातला हा सगळ्यात देखणा प्रयोग. कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत करता येईल. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरनं घासून लखलखीत करा, त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. त्या पाण्यात आधी फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे प्रयोगशाळेतले दोन पदार्थ किंचित मिसळलेले असावेत. सुरुवातीला इथं तिथं निळे-गुलाबी ठिपके उठतात. मग हळूहळू ते विभागले जातात: थेंबाच्या मध्यभागी निळं, कडेला गुलाबी कडं. निळा म्हणजे इथं लोखंड विरघळतंय. गुलाबी म्हणजे इथं अल्क तयार होतोय, ऑक्सिजन खर्ची पडतोय. दोन्हींच्या मध्ये तपकिरी गंजाचं कडं बसतं. गंज दिसतो एकीकडे, खड्डा पडतो दुसरीकडे.

थेंबाची कड पातळ, तिथं हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी पाण्याचा थर जाड, तिथला ऑक्सिजन संपला की लवकर भरून येत नाही. मग मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, ते धातूतूनच कडेला जातात, आणि कडेचा ऑक्सिजन ते घेतो. एकाच थेंबात बॅटरी तयार झाली. दोन वेगळे धातू लागले नाहीत, एकाच धातूच्या दोन जागांना ऑक्सिजन कमी-जास्त मिळाला एवढंच पुरलं.

आता थेंबाच्या जागी स्क्रूच्या डोक्याखालची फट घ्या, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून अरुंद. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर पृष्ठभागावर धरतो आणि आतलं पोलाद वाचवतो. हा थर दुधावरच्या सायीसारखा: खरवडला तरी पुन्हा धरतो, फक्त त्याला ऑक्सिजन मिळाला पाहिजे. फटीत तोच मिळत नाही.

इथून पुढचा भाग जरा रसायनाचा आहे. अवघड वाटला तर एक परिच्छेद ओलांडून जा. फटीतला ऑक्सिजन संपला तरी धातूचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, अगदी सावकाश पाण्यात उतरत राहतात. हे धन आयन फटीत साचतात. विद्युतभार समतोल ठेवायला बाहेरून ऋण आयन आत ओढले जातात, आणि त्यांत सगळ्यात चपळ आणि बेरकी मिठातलं क्लोराइड. म्हणजे बाहेरच्या पाण्यात मीठ थोडं असलं तरी फटीत ते साठत जातं. त्यातच क्रोमियमचे आयन पाण्याशी प्रक्रिया करतात, क्रोमियम हायड्रॉक्साइड खाली बसतं आणि हायड्रोजन आयन मोकळे होतात. फटीतलं पाणी आम्ल होतं, इतकं की पीएच दोनाच्या आसपास येऊ शकतो. आम्ल आणि क्लोराइड एकत्र आले की साय फाटते आणि पुन्हा धरत नाही. धातू आणखी जोरात विरघळतो, आणखी आयन, आणखी क्लोराइड, आणखी आम्ल. चक्र स्वतःच स्वतःला रेटतं. बाहेरचा चकचकीत पृष्ठभाग मोठा, आतली झिजणारी जागा चिमुकली. सगळा प्रवाह त्या चिमुकल्या जागेतूनच वाहतो, म्हणून मान इतक्या झपाट्यानं बारीक होते.

"पण मी त दररोज धुतो ना," पोरगा म्हणाला. कशानं? घरच्या बोअरच्या पाण्यानं. घर कुठं? दर्यापूरकडे.

इथं मी कपाळाला हात लावला. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्याचा हा पट्टा, जिथलं भूजल खारं आहे. तिथल्या बाया गोड्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वणवण करत आल्या. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १००० पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या घरात असतं. खारपाणपट्ट्यातली विहीर समुद्राइतकी खारी नसते, पण फटीला समुद्र लागत नाही. ती मीठ साठवून ठेवते. धरणातलं पावसाचं पाणी त्या मानानं फार गोडं. म्हणजे पठ्ठ्यानं गोड्या पाण्यात खेळून आलेली स्की घरी आणून खाऱ्या पाण्यानं धुतली, वर मे महिन्याच्या उन्हात वाळवली. उन्हानं वरचं पाणी उडालं, फटीतलं आटून आटून अधिकच खारं झालं. कोकणातून आलेलं मीठ आधीच आत बसलेलं होतं, त्यात ही भर.

राहिली ती पांढरी भुकटी. ती अ‍ॅल्युमिनियमची. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्या अवस्थेत एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. त्याच्या झिजेतून जे बनतं ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं, आणि स्क्रू भोकात पाचर ठोकल्यागत जाम होतो. दोन वेगळ्या धातूंच्या अशा भांडणाचा धडा ब्रिटिश आरमाराला अठराव्या शतकातच मिळाला होता. १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी तपासलं तर लोखंडी खिळे बऱ्याच ठिकाणी विरघळून गेलेले. काही खिळे मात्र धडधाकट निघाले. तांबं ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आलं होतं, तो कागद तिथं मध्ये तसाच राहिला होता. कामगारांचा आळस कामी आला. स्क्रूच्या डोक्याखाली टाकायचा नायलॉनचा वायसर त्या कागदाचंच काम करतो.

बोटीच्या टोकाला लोखंडी तारेत ओवलेलं लिंबू-मिरचीही मी पाहिलं. नजर लागते की नाही ते सोडा, लिंबू टोचलेल्या जागी तार मात्र काळी पडून तुटायला आली होती. गंमत अशी की लिंबातलं सिट्रिक आम्ल स्टेनलेसच्या कारखान्यांत खरोखर वापरतात, पृष्ठभागावरचे सुट्या लोखंडाचे कण धुऊन काढायला, म्हणजे ऑक्साइडचा थर नीट धरतो. लिंबानं स्टीलचं भलं होतं ते आंघोळ घातल्यावर, टांगल्यावर नाही. आणि पाइपवर चुंबक बसवून पाण्याचा खारेपणा घालवतो म्हणणारे विक्रेते गावोगाव फिरतात, त्यांना दारातूनच परत पाठवावं. चुंबकानं क्लोराइड कुठंही जात नाही.

मग करायचं काय? धुवायचं तर धरणाच्याच पाण्यानं किंवा नळयोजनेच्या गोड्या पाण्यानं, आणि समुद्रातून आलेली स्की असेल तर बूट उतरवून. धुण्याचा सोडा प्लेटला लावू नये, अ‍ॅल्युमिनियम अल्कानंही खाल्लं जातं. बुटाखालचा फोम पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ओली स्की ताडपत्रीत गुंडाळून ठेवणं म्हणजे फट मुद्दाम भिजत ठेवणं. हंगाम संपला की सगळे स्क्रू काढून, आटे जुन्या टूथब्रशनं घासून, कोरडे करून, पाण्यानं न धुपणारं ग्रीस लावून परत बसवायचे. ग्रीसचं काम फक्त स्क्रू सहज फिरावा एवढंच नाही. ते फट आधीच भरून टाकतं, पाण्याला जागाच उरत नाही. मात्र काळं ग्रॅफाइटचं किंवा तांब्याची भुकटी घातलेलं ग्रीस इथं नको. ग्रॅफाइट आणि तांबं दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे वैरी. ग्रीस लावलेला स्क्रू हादऱ्यानं सैल होऊ शकतो, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी दर वेळी पेचकस फिरवून बघायचा. सुटलेल्या बुटात घोटा मुरगळतो. ग्रीस नको असेल तर आटे पकडून ठेवणारा निळा डिंक मिळतो, तोही फट बंद करतो. दोन्ही एकत्र लावले तर डिंक धरत नाही.

जाम झालेल्या स्क्रूवर गॅसची ज्योत मारू नये, फायबरमधलं राळ जळून बुशच सुटून येते. सोल्डरिंग आयर्न डोक्यावर टेकवून तापवायचं, गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यायचं, मग हलक्या हातानं मागे-पुढे फिरवायचं. डोकं तुटलंच तर डाव्या आट्याचं ड्रिल वापरावं. भोक पाडता पाडता ते स्क्रूला सुटायच्या दिशेनं फिरवतं.

नवे स्क्रू घेताना दुकानदार चुंबक लावून दाखवतो: चिकटला नाही, म्हणजे अस्सल माल. हाही भ्रमच. ३०४ प्रतीचं स्टील थंड अवस्थेत ठोकून स्क्रू घडवला की ते थोडं चुंबकाला लागू शकतं, आणि ३०४ व ३१६ यांतला फरक तर चुंबक सांगूच शकत नाही. आपल्याला हवं ते ३१६. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्लोराइडपुढे ते जास्त टिकतं. स्क्रूच्या डोक्यावर किंवा पाकिटावर 'ए-४' लिहिलेलं असतं. 'ए-२' म्हणजे साधं ३०४. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये 'ए-२' सुद्धा विचारून घ्यावं लागतं, नाहीतर जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू स्टील म्हणून हातात पडतो. आमचा पोरगा 'ए-४'साठी नागपूरला माणूस पाठवून बसला आहे, आणि तोवर स्की खुंटीला.