कॅलिफोर्नियाची कॅल-ईआयटीसी करसवलत: अर्ज नेमका कुठे अडतो

कॅलिफोर्नियात कमी मिळकतीवर घर चालवणाऱ्या नोकरदार कुटुंबांना राज्य सरकार 2015 च्या करवर्षापासून, आणि स्वयंरोजगारी कुटुंबांना 2017 पासून, कॅल-ईआयटीसी (कमावत्यांसाठीची राज्याची करसवलत) देते. 2024 साठी कमाईची मर्यादा 31,950 डॉलर असून, तीन किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबाला जास्तीत जास्त 3,644 डॉलर मिळू शकतात. वर्षअखेरीस सहा वर्षांखालील मूल घरात असल्यास वेगळ्या सवलतीतून त्याच वर्षासाठी आणखी 1,154 डॉलरपर्यंत मिळतात. देय कर शून्य निघाला तरी ही रक्कम हाती येते, मात्र त्यासाठी राज्याचे विवरणपत्र आणि त्यासोबत एफटीबी (राज्याचे करखाते) 3514 हा फॉर्म भरावाच लागतो. उत्पन्न कमी असल्याने विवरणपत्राची सक्तीच नसलेली कुटुंबे नेमकी इथेच पैसे गमावतात.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अशाच सवलतीसाठी, म्हणजे ईआयटीसीसाठी, नोकरीस वैध असा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. राज्याला 2020 च्या करवर्षापासून आयटीआयएनही (सोशल सिक्युरिटी क्रमांक न मिळणाऱ्यांना दिला जाणारा करक्रमांक) चालतो. तो नसल्यास डब्ल्यू-7 फॉर्म केंद्रीय विवरणपत्रासोबत द्यावा लागतो, आणि भारतातल्या सवयीने पासपोर्टच्या झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का घेऊन ती जोडणाऱ्यांचा अर्ज हमखास परत येतो. मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या यंत्रणेनेच प्रमाणित केलेली प्रत लागते. मूळ पासपोर्ट टपालात टाकायला मन धजत नाही, हे समजण्यासारखे आहे. अशांनी आयआरएसच्या (केंद्रीय करखात्याच्या) मदत केंद्रात वेळ ठरवून किंवा मान्यताप्राप्त एजंटाकडे जाऊन पासपोर्ट दाखवावा. सलग तीन वर्षे विवरणपत्रात न वापरलेला आयटीआयएन बाद होतो, हेही आधी तपासावे.

अर्जदाराने आणि मुलाने वर्षातला निम्म्याहून अधिक काळ कॅलिफोर्नियात राहिलेले असावे लागते. सुट्टी, शिक्षण किंवा आजारपणामुळे काही काळ बाहेर राहिल्यास हरकत नसते, पण आईवडिलांच्या शिफ्ट जुळत नाहीत म्हणून आठ महिने आजीआजोबांकडे पुण्याला ठेवलेले मूल या सवलतीत बसवणे अवघड आहे. पुरावा मागणारे पत्र आले की खरी धावपळ सुरू होते. पोटभाडेकरूकडे स्वतःच्या नावाचा भाडेकरार क्वचितच असतो, याची सरकारी पत्रांत फारशी दखल नसते. मुलाचे नाव, तुमचा पत्ता आणि त्याच वर्षातल्या तारखा असलेले शाळेचे, पाळणाघराचे किंवा डॉक्टरांचे पत्र आधीच मागून ठेवलेले बरे.

घरून डबे देणाऱ्यांची रोख कमाईही धरली जाते, पण ग्राहक, तारीख, रक्कम आणि किराणा खर्च लिहिलेली वही हवी. वर्षअखेरीस आठवणीने भरलेले गोल आकडे चौकशीत टिकत नाहीत. विवाहितांनी सहसा एकत्रित विवरणपत्र भरावे.

15 एप्रिल उलटला म्हणून पुष्कळजण नाद सोडतात. कॅलिफोर्नियात विवरणपत्र भरायला 15 ऑक्टोबरपर्यंत आपोआप मुदतवाढ असते, आणि राज्याचा परतावा मूळ मुदतीपासून चार वर्षे मागता येतो. म्हणजे 2024 चा परतावा 15 एप्रिल 2029 पर्यंत. केंद्राच्या परताव्याला मात्र साधारण तीनच वर्षे मिळतात, तेव्हा दोन्हींचा हिशेब एकाच तारखेवर धरू नये. कॅलफाइल ही राज्याची ऑनलाइन सोय आणि व्हिटाची (स्वयंसेवकांकडून विवरणपत्र भरून देणारी) मदत केंद्रे दोन्ही विनामूल्य असल्याने, परताव्यातला वाटा मागणाऱ्याकडे काम देऊ नये.