ब्रेकपॉइंट एक, थ्रेड अनेक : चाचणी इतकी अवघड का झाली

यवतमाळ, वर्ध्याकडच्या गावांत अभ्यासिकेत बसून ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल करणाऱ्या मुलांना जीडीबी या डीबगरचा, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनाचा, एक अनुभव हमखास येतो. चार थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या चार धाग्यांचा) सी प्रोग्राम, एका फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे 'इथे थांब' अशी खूण. एक थ्रेड थांबतो. 'नेक्स्ट' दिलं की पुढची ओळ यायला हवी. त्याऐवजी 'स्विचिंग टू थ्रेड' असं छापून डीबगर भलत्याच थ्रेडमध्ये जाऊन उभा राहतो. पुन्हा चालवावं तर क्रमच निराळा. मुलं जुन्या लॅपटॉपला दोष देतात, पण याचं मूळ खूप मागे आहे.

१९४० च्या दशकात एनियॅक या सुरुवातीच्या संगणकावर प्रोग्रामर बेटी होल्बर्टन आणि त्यांच्या सहकारी प्रोग्राम थांबवायला चक्क तार काढून ठेवत. पुढे हे काम सॉफ्टवेअरकडे आलं. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरमध्ये 'इंट ३' ही प्रोग्राम थांबवणारी एका बाइटची सूचना होती. डीबगर मूळ सूचनेचा पहिला बाइट बाजूला ठेवतो आणि तिथे ही सूचना लिहितो. एकच बाइट असल्याने शेजारच्या सूचनेला धक्का लागत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी लिहिला, तेव्हा समोर बहुतेक एका धाग्यानेच चालणारे प्रोग्राम होते.

युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी पॉझिक्स थ्रेडचं मानक १९९५ मध्ये आलं. लिनक्सवर थ्रेड चालवायला आधी लिनक्सथ्रेड्स होतं, २००३ च्या सुमारास त्याची जागा एनपीटीएलने घेतली. खरी मेख अशी, की सगळे थ्रेड एकाच मेमरीतला कोड वाचतात. थांबलेल्या थ्रेडला पुढे न्यायचं तर मूळ बाइट परत ठेवायचा, एक पाऊल चालवायचं आणि ब्रेकपॉइंट पुन्हा लावायचा. बाजार समितीत एका गाडीसाठी फाटक उघडलं की मागची गाडी पावती न घेताच आत शिरते, तसा त्या क्षणी दुसरा थ्रेड न थांबता निसटू शकतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे तेवढ्यापुरते बाकीचे सगळे थ्रेड रोखून धरायचे. हा बिनधोक आहे, पण एक थ्रेड तपासताना बाकीचे चालूच ठेवायचे असतील तर उपयोगाचा नाही. म्हणून २००९ च्या जीडीबी ७.० मध्ये 'नॉन-स्टॉप' पद्धतीबरोबर 'डिस्प्लेस्ड स्टेपिंग' आलं: मूळ सूचनेची नक्कल दुसऱ्या जागी नेऊन तिथे चालवायची, ब्रेकपॉइंटला हात लावायचा नाही. मला हा उपाय फार देखणा वाटतो. मात्र सूचना स्वतःच्या पत्त्यावर अवलंबून असेल, तर नक्कल करताना आणि चालवून झाल्यावर दुरुस्ती करावी लागते, आणि चुका तिथेच लपतात.

आणखी एक पेच आहे. दोन थ्रेड एकाच वेळी ब्रेकपॉइंटवर आदळले, पहिल्याची खबर मिळताच तुम्ही ब्रेकपॉइंट काढून टाकला. दुसऱ्याचा सिगट्रॅप, म्हणजे ब्रेकपॉइंटवर आदळल्याचा इशारा, मात्र रांगेतच आहे. डीबगरने तो ओळखून प्रोग्राम काउंटर (पुढची सूचना कुठे आहे तो पत्ता) एक बाइट मागे घेतला नाही, तर तो थ्रेड सूचनेच्या मधोमध पडतो.

जीडीबीच्या चाचण्या डेजाग्नू आणि एक्सपेक्ट या साधनांवर चालतात: आज्ञा टाइप करायची, छापून आलेला मजकूर ताडून पाहायचा. थ्रेडच्या बाबतीत कोण आधी पोचेल हे शेड्युलर (ऑपरेटिंग सिस्टिमचा पाळी लावणारा भाग) ठरवतो, त्यामुळे क्रम गृहीत धरणारी चाचणी आज पास, उद्या फेल. म्हणून जाणते लोक बॅरिअर लावून आधी सगळे थ्रेड एका जागी गोळा करतात, क्रमाऐवजी 'प्रत्येक थ्रेड थांबला का' एवढंच विचारतात आणि तीच चाचणी पुन्हापुन्हा चालवतात. जीडीबीच्या चाचणीसंचात अशा डळमळीत चाचण्या हुडकण्याची सोयही आहे.

एकदा सगळं उतरवून घेतलं की हे करून पाहायला इंटरनेट लागत नाही. भारनियमनातही बॅटरीवर काम होतं. लिनक्सची 'टास्कसेट' ही आज्ञा वापरून तोच प्रोग्राम आधी एका कोअरवर बांधून चालवा, मग सगळे कोअर मोकळे सोडा, आणि दोन्ही वेळचे निकाल शेजारी ठेवून पाहा. 'सेट शेड्युलर-लॉकिंग स्टेप' दिलंत, तर 'नेक्स्ट'च्या वेळी होणारी ती थ्रेडची अदलाबदलही थांबेल.